दुर्बीण आणि स्पॉटिंग स्कोपसाठी हलका ट्रायपॉड व हेड कसं निवडावं? खरेदीआधी वाचा

थंडी सुरू झाली की बेळगावजवळचं हिडकल, गोव्यातली करमळी आणि नंदा तळी, बडोद्याजवळचं वढवाणा, इंदूरचं सिरपूर, ग्वाल्हेरचा तिघरा जलाशय आणि हैदराबादजवळचा अमीनपूर तलाव, सगळीकडे एकच दृश्य दिसतं. पहाटे बांधावर माणसं उभी, गळ्यात दुर्बिणी आणि नजर पाण्यावर. जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेसाठी तर मुलं, शिक्षक, निवृत्त मंडळी असे सगळेच येतात. १९८७ पासून ही गणना सुरू आहे.

यातल्या बऱ्याच जणांची तक्रारही एकच असते. चांगल्या कंपनीची दुर्बीण किंवा स्कोप घेतला, पण लांबचं बदक नीट दिसत नाही, चित्र हलतं. दोष काचेचा समजून माणूस आणखी महाग दुर्बीण शोधायला लागतो. खरा दोष बहुतेक वेळा खाली असतो, म्हणजे ज्यावर ती दुर्बीण ठेवली त्या ट्रायपॉडमध्ये आणि त्याच्या हेडमध्ये. लग्नाच्या व्हिडिओसाठी घेतलेला किंवा मोबाईलसोबत आलेला ट्रायपॉड इथे चालत नाही. दुसरीकडे, स्टुडिओतला दणकट ट्रायपॉड खांद्यावर टाकून चोर्ला घाटात चार किलोमीटर चालवत नाही. हलकं आणि स्थिर यांचा मेळ कसा घालायचा, त्याची ही माहिती.

थोडक्यात

- ८ पट दुर्बीण हातात चालते. १० पटीला ट्रायपॉडचा फायदा स्पष्ट दिसतो. १२ पटीच्या पुढे आणि कोणत्याही स्पॉटिंग स्कोपला ट्रायपॉड हवाच.
- पायी फिरणाऱ्यांनी ट्रायपॉड आणि हेड मिळून दीड ते दोन किलोच्या आसपास ठेवावं.
- मधला दांडा वर न काढता डोळ्यापर्यंत उंची मिळाली पाहिजे.
- निरीक्षणासाठी बॉल हेडपेक्षा दोन दिशांना फिरणारं फ्लुइड हेड सोयीचं.
- पाय आणि हेड वेगवेगळे विकत घेता येतात. दोन्हींचा विचार वेगळा करा.

मुळात ट्रायपॉड लागतोच का?

दुर्बीण जितक्या पटीने चित्र मोठं करते, तितक्याच पटीने हाताचा थरथराटही मोठा करते. ८ पटीला तो सहन होतो. १० पटीला दोन-चार मिनिटांत हात दुखू लागतात आणि पिसांवरचे बारीक पट्टे सुटतात. २० ते ६० पटीच्या स्कोपला नुसता हात लावला तरी पक्षी चौकटीतून बाहेर जातो.

१० बाय ४२ ची नेहमीची दुर्बीण ट्रायपॉडवर बसवून पाहिली की फरक लगेच कळतो. हातात धरून जे ठिपके वाटत होते, त्यात चोच, डोळ्याभोवतीची कडी, पायांचा रंग दिसू लागतो. दुर्बीण तीच, काच तीच, फक्त ती हलत नाही. म्हणून नवी दुर्बीण घेण्याआधी जुनी एकदा ट्रायपॉडवर लावून बघावी. कदाचित तेवढ्यावर काम भागेल.

ही पद्धत आली कुठून?

दुर्बीण ट्रायपॉडवर लावून तासन् तास एकच डोंगर न्याहाळायची पद्धत अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या शिकाऱ्यांनी रूढ केली. ॲरिझोनाच्या कोरड्या डोंगरांत लहान चणीचं हरीण झुडपात लपलं की साध्या डोळ्यांना दिसत नाही. तिथले लोक १५ बाय ५६ सारख्या मोठ्या दुर्बिणी ट्रायपॉडवर ठेवून समोरचा उतार पट्ट्या-पट्ट्याने तपासतात. सामान दिवसभर पाठीवर वाहायचं असल्याने हलके कार्बन पाय, छोटी फ्लुइड हेड आणि दुर्बिणीचे झटपट अडॅप्टर यांना तिथे मोठी मागणी आली. आज भारतात मिळणाऱ्या अनेक वस्तूंवर ‘हंटिंग’ असं लिहिलेलं असतं, ते त्यामुळे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीला बंदी आहे. तेव्हा ‘हंटिंग’ लिहिलेला ट्रायपॉड घेण्यात गैर काही नाही, मात्र त्याचा उपयोग इथे निरीक्षण, गणना, अभ्यास आणि फोटो यांसाठीच. पट्ट्या-पट्ट्याने पाहायची युक्ती मात्र जशीच्या तशी उचलावी. पाण्याचा काठ डावीकडून उजवीकडे सावकाश बघायचा, थोडं खाली यायचं, परत उजवीकडून डावीकडे. काठाच्या गवतातले चिखलपक्षी याच पद्धतीने सापडतात.

वजनाचं गणित

दुकानात दोन किलो हलकंच वाटतं, पण वजन नेहमी पूर्ण पिशवीचं धरावं. एक साधा हिशेब:

- १० बाय ४२ दुर्बीण: सुमारे ७०० ग्रॅम
- ६५ मि.मी. स्पॉटिंग स्कोप: सुमारे १ किलो ३०० ग्रॅम
- कार्बनचे पाय: १ किलो ३०० ग्रॅम
- छोटं फ्लुइड हेड: ५०० ग्रॅम
- प्लेट, अडॅप्टर: १५० ग्रॅम
- एक लिटर पाणी: १ किलो

बेरीज ४ किलो ९५० ग्रॅम, म्हणजे पाच किलोच. डबा, रेनकोट, पुस्तक वेगळं. याच जागी अडीच किलोचे ॲल्युमिनियमचे पाय आणि ९०० ग्रॅमचं हेड घेतलं, तर १ किलो ६०० ग्रॅम वाढतात. गाडी काठापर्यंत जात असेल तर हा फरक सोडून द्यावा. खानापूरच्या जंगलवाटेवर चढ चढताना मात्र तो प्रत्येक पावलाला जाणवतो.

उलट बाजूही आहे. एक किलोच्या आतले फार हलके ट्रायपॉड सहलीला छान, पण वाऱ्यात स्कोप थरथरतो. माणूस कंटाळून ते घरी ठेवतो. घरी राहिलेल्या ट्रायपॉडचा उपयोग शून्य, मग त्याचं वजन कितीही कमी असो.

‘भार क्षमता’ किती खरी?

खोक्यावर ‘८ किलो’, ‘१२ किलो’ असे आकडे असतात. हे आकडे मोजायची सगळ्या कंपन्यांची एकच पद्धत नाही. काही ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच, की तेवढ्या वजनाखाली पाय मोडणार नाहीत. आपल्याला ‘मोडत नाही’ एवढं पुरत नाही, ‘हलत नाही’ हवं असतं. म्हणून आपल्या दुर्बिणीच्या किंवा स्कोपच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट क्षमता लिहिलेली असेल तरच विचार करावा, आणि शेवटचा निर्णय हाताने तपासूनच घ्यावा.

उंची: इथेच जास्त चुका होतात

जाहिरातीतली उंची बहुतेक वेळा मधला दांडा पूर्ण वर काढून मोजलेली असते. दांडा वर काढला की तीन पायांच्या ट्रायपॉडवर एक काठी उभी केल्यासारखं होतं, आणि सगळं हलतं. म्हणून ‘दांड्याशिवाय उंची किती’ हाच प्रश्न विचारावा.

समजा माणसाची उंची ५ फूट ६ इंच, म्हणजे सुमारे १६८ सें.मी. डोळे साधारण १२ सें.मी. खाली, म्हणजे १५६ वर. हेड आणि अडॅप्टर मिळून १८ सें.मी. गेले. उरले १३८ सें.मी. एवढी उंची पायांनीच दिली पाहिजे. उतारावर उभं राहायचं असेल तर खालच्या बाजूचा पाय जास्त लांब करावा लागतो, त्यासाठी ८-१० सें.मी. हाताशी ठेवावेत.

स्कोपची डोळा लावायची बाजू तिरकी वर वळलेली असेल तर मान किंचित वाकवून पाहता येतं. मग १२० ते १२५ सें.मी. उंचीही पुरते. घरात उंच-बुटके असे दोन-तीन जण एकच स्कोप वापरणार असतील तर तिरका स्कोप सोयीचा. बुटक्या माणसाच्या हिशेबाने लावला की उंच माणूस वाकून बघतो.

बसून पाहणाऱ्यांचं गणित वेगळं. छोटं स्टूल किंवा दगडावर बसून पाहिलं तर पाय अर्धेच उघडावे लागतात, ट्रायपॉड जास्त स्थिर राहतो आणि गुडघ्यांनाही आराम मिळतो. साठीच्या पुढच्या मंडळींनी कमी उंचीचा, हलका ट्रायपॉड आणि घडीचं स्टूल ही जोडी जरूर विचारात घ्यावी.

ॲल्युमिनियम की कार्बन?

*ॲल्युमिनियम:* स्वस्त आणि दणकट. आपटला तर पोचा पडतो, पण बहुधा काम चालू राहतं. वजन जास्त. जानेवारीच्या पहाटे ग्वाल्हेरकडे हात लावला तर बर्फासारखा गार लागतो.

*कार्बन फायबर:* त्याच आकारात हलका, आणि बसलेला हादरा लवकर शांत होतो. किंमत बरीच जास्त. दगडावर जोरात आदळला तर नळीला तडा जाऊ शकतो, आणि तडा गेलेली नळी बदलावीच लागते.

सरळ नियम असा: गाडीतून उतरून शंभर पावलांत पाहायचं असेल तर ॲल्युमिनियम घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या हेडवर घाला. महिन्यातून दोन-तीनदा डोंगर चढत असाल तर कार्बनचे पैसे वसूल होतात. मात्र ‘कार्बन’ शब्दावर भुलू नये. बोटाएवढ्या जाड नळ्यांचा स्वस्त कार्बन ट्रायपॉड चांगल्या ॲल्युमिनियमपेक्षा जास्त हलू शकतो.

पायांमध्ये काय बघायचं?

*भाग किती?* पाय तीन, चार किंवा पाच भागांत उघडतात. भाग जास्त तितका बंद ट्रायपॉड आखूड, पिशवीत मावणारा. पण प्रत्येक भागाला नळी बारीक होत जाते, आणि सगळ्यात खालची नळी सगळ्यात कच्ची. एसटी-रेल्वेने फिरणाऱ्यांना चार भाग ठीक. पाच भाग विमानप्रवासाच्या सोयीचे, वाऱ्याच्या कामाचे नाहीत. उघडताना आधी वरचे जाड भाग उघडावेत, अगदी खालचा शेवटी.

*लॉक:* खटक्याचं लॉक लागलं की नाही ते डोळ्यांनी दिसतं, नवख्यांना बरं पडतं. काळाने सैल होतं, पण स्क्रू आवळता येतो. पिळायचं लॉक आटोपशीर, झुडपात अडकत नाही. मात्र वाळू-चिखल आत गेला की कुरकुरतं आणि उघडून साफ करावं लागतं.

*खालची टोकं:* रबरी टोक जांभ्या दगडावर आणि बांधाच्या फरशीवर चांगलं धरतं. ओल्या मातीसाठी टोकदार खिळे उपयोगी. काही ट्रायपॉडमध्ये रबर फिरवलं की खिळा बाहेर येतो.

*हुक:* मधल्या दांड्याखाली हुक असेल तर वाऱ्यात तिथे पिशवी अडकवता येते. पिशवी लोंबकळती ठेवू नये, ती स्वतःच झोके घेते. तळ जमिनीला किंचित टेकेल अशी ठेवावी.

हेड: डोळ्याला सुख इथेच मिळतं

पाय चांगले आणि हेड वाईट असलं तर सगळा खर्च वाया. हेडचे मुख्य प्रकार असे:

*बॉल हेड:* लहान, हलकं, फोटोवाल्यांचं आवडतं. एकच घुंडी सोडली की सगळ्या बाजूंनी फिरतं, आणि तीच त्याची अडचण. घुंडी सैल केली की स्कोप पुढे धाडकन झुकतो. उडता पक्षी सरळ रेषेत धरणं कठीण जातं, क्षितिज तिरकं होतं. हलक्या दुर्बिणीला चालवून घेता येतं.

*दोन दिशांचं फ्लुइड हेड:* वर-खाली आणि डावी-उजवीकडे, एवढंच फिरतं. आतल्या घट्ट वंगणामुळे हालचाल लोण्यासारखी होते आणि हात सोडला की थांबते. एक लांब मूठ असते, तिने एका हाताने काम होतं. निरीक्षणासाठी हेच सगळ्यात योग्य. ४००-७०० ग्रॅमची छोटी हेड दुर्बीण आणि मध्यम स्कोपला पुरतात.

*तीन मुठींचं फोटो हेड:* इमारती आणि टेबलावरच्या वस्तूंच्या फोटोंसाठी ठीक. जड, आणि पक्ष्यामागे फिरवायला सावकाश.

*गिंबल हेड:* मोठ्या कॅमेरा लेन्ससाठी. स्कोपला त्याची गरज नाही, वजनही भरपूर.

फ्लुइड हेड घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. ताण कमी-जास्त करायची घुंडी आहे का? मूठ डावखुऱ्यांना दुसऱ्या बाजूला लावता येते का? आणि वरची प्लेट पुढे-मागे सरकते का? स्कोपचं वजन पुढच्या काचेकडे जास्त असतं. प्लेट सरकवून तोल साधला की हात सोडल्यावर तो आपोआप झुकत नाही.

प्लेट, आटे आणि अडॅप्टर

दुर्बीण, स्कोप आणि कॅमेऱ्याच्या तळाचे आटे साधारणपणे पाव इंची असतात. पाय आणि हेड जोडणारे तीन अष्टमांश इंची. दोन्हींचं माप ठरलेलं असल्याने एका कंपनीच्या पायांवर दुसऱ्या कंपनीचं हेड बसतं. लहान हेडला पाव इंची भोक असेल तर मध्ये छोटी बुशिंग लागते, ती स्वस्तात मिळते.

प्लेटचं मात्र तसं नाही. आर्का-स्विस पद्धतीची, सुमारे ३८ मि.मी. रुंदीची प्लेट सगळ्यात जास्त चालते. काही कंपन्या स्वतःची वेगळी प्लेट वापरतात. कॅमेरा, स्कोप आणि दुर्बीण तिन्हींना एकाच पद्धतीच्या प्लेट लावल्या की जागेवर अदलाबदल सोपी होते. प्लेट हरवली तरी दुसरी सहज मिळते, हा मोठा फायदा.

दुर्बिणीच्या दोन नळ्यांमधल्या बिजागरीच्या पुढच्या टोकाला बहुधा एक टोपण असतं. ते फिरवून काढलं की आत आटे दिसतात, तिथे अडॅप्टर बसतो. सगळ्याच दुर्बिणींना ही सोय नसते. टोपण आहे का, ते खरेदीआधी पाहावं. नसेल तर दुर्बीण पट्ट्याने बांधायचा अडॅप्टर मिळतो.

दुकानात पाच मिनिटांची तपासणी

1. आपली दुर्बीण किंवा स्कोप सोबत न्या.
2. पाय पूर्ण उघडा, मधला दांडा खालीच ठेवा. वरून तळहाताने दाबा. पाय वाकतात का, लॉक घसरतं का ते पाहा.
3. वरचा भाग हलकेच पिळून बघा. खेळ जाणवला तर तो ट्रायपॉड सोडा.
4. समोरच्या दुकानाच्या पाटीवर जास्तीत जास्त पटीने नजर लावा. पायाला टिचकी मारा आणि चित्र किती सेकंदांत शांत होतं ते मोजा. दोन ट्रायपॉडांची तुलना याच परीक्षेने करा.
5. हेड सावकाश फिरवा. सुरुवातीला अडकून मग झटका देत असेल तर नको.

ऑनलाइन मागवत असाल तर हीच तपासणी परत करायची मुदत संपण्याआधी घरच्या गच्चीवर करावी.

पैसे कसे वाटावेत?

अनेकांचा अनुभव एकच: आधी तीन हजारांचा, तो हलतो म्हणून आठ हजारांचा, शेवटी वीस हजारांचा. बेरीज ३१ हजार, आणि हाती कामाचा ट्रायपॉड एकच. थोडं थांबून पहिल्यांदाच नीट घेतला असता तर ११ हजार वाचले असते. बजेट आखडतं असेल तर साधे पण जाड ॲल्युमिनियमचे पाय आणि बरं फ्लुइड हेड घ्यावं. पुढे पैसे आले की फक्त पाय बदलायचे, हेड तेच राहतं.

पक्कं बिल घ्यावं. बिलाशिवाय आयात माल स्वस्त पडतो, पण त्याची वॉरंटी इथे बहुधा चालत नाही. सीमाभागात हा मुद्दा जास्त महत्त्वाचा, कारण खरेदी कोल्हापूर किंवा पुण्याला आणि राहणं बेळगावला, असं सर्रास होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडेही तक्रार करता येते. दुकान दुसऱ्या राज्यात आहे म्हणून तिकडे खेटे घालायची गरज नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

कुठल्या जागेला काय?

- *वढवाणा, सिरपूर, हिडकल:* उघडं पाणी, लांबचे थवे, वारा. स्कोप आणि थोडे जड पाय. वढवाणा जलाशय बडोदा संस्थानाने १९१० मध्ये बांधला. २०२१ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. होळकरांच्या काळातलं सिरपूर २०२२ मध्ये त्या यादीत आलं.
- *भीमगड, चोर्ला, आंबोली:* दाट झाडी, जवळचे पक्षी, चढ-उतार. स्कोपचं काम कमी. ८ किंवा १० पट दुर्बीण आणि असलाच तर सगळ्यात हलका ट्रायपॉड.
- *गोव्याचे किनारे:* कुरव आणि चिखलपक्षी लांब वाळूवर असतात, स्कोप हवाच. पायांचा सगळ्यात खालचा भाग थोडा उघडावा, म्हणजे वाळू लॉकपर्यंत पोचत नाही.
- *चंबळ:* घडियाल आणि पाणचिरा पाहायला काठावरून स्कोप उत्तम. होडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, होडीच हलते. तिथे हातातली ८ पट दुर्बीण बरी.

ट्रायपॉड नको असेल तर

एका पायाची काठी, म्हणजे मोनोपॉड, १० पट दुर्बिणीला बराच आधार देते आणि चढावर काठी म्हणूनही कामी येते. गाडीतून पाहणाऱ्यांनी जाड कापडाची छोटी पिशवी तांदळाने अर्धी भरून खिडकीच्या काचेवर ठेवावी, दुर्बीण तीवर छान बसते. मात्र स्कोपला हे पर्याय पूर्ण पुरत नाहीत.

निगा

समुद्रावरून आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवावेत आणि उघडे ठेवून सावलीत वाळवावेत. खारं पाणी लॉकच्या धातूला आणि स्क्रूंना खातं, पाय कार्बनचे असले तरी. ओला ट्रायपॉड पिशवीत बंद करू नये. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, पिळायची लॉक उघडून वाळू पुसावी. फ्लुइड हेड मात्र घरी उघडायचं नाही आणि त्यात तेलही घालायचं नाही. स्कोप ट्रायपॉडवर लावून ठेवून चहाला जाऊ नये. वाऱ्याची एक झुळूक किंवा एखादं कुत्रं पुरतं.

नियमांचं भान

अभयारण्यात जाताना वनखात्याची परवानगी आणि ठरलेले शुल्क लागते. ट्रायपॉड चालेल का, हेही नाक्यावर आधी विचारावं. अरुंद वाटेवर तीन पाय पसरून रस्ता अडवू नये. ट्रायपॉडचा खरा फायदा असा, की लांब राहूनही स्पष्ट दिसतं. घरट्याजवळ किंवा विसावलेल्या थव्याजवळ जायची गरजच उरत नाही. पक्षी उडाले नाहीत आणि तरी मोजून झाले, तर ट्रायपॉडचे पैसे वसूल झाले असं समजायला हरकत नाही.